गावभर फिरलेली शाळा

ही पांढरी लाकडी इमारत दिसतेय ना, हीच ती शाळा. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य, गाव रिपन. १८५३ मध्ये बांधलेली, एकच खोली, आणि रिपनकर छातीठोक सांगतात की रिपब्लिकन पक्ष इथंच जन्मला.

आता हे बघा, २०२३ चे शॉट्स. अख्खी शाळा पायापासून सोडवून ट्रेलरवर चढवलीये आणि ती निघालीये रस्त्यानं, भिंती, छप्पर, सगळ्यासकट. हे पहिल्यांदा नाही बरं का. मूळ जागेवरून ती कधीच हललीये, मध्ये तिच्यात लोक राहायला होते, मग १९०८ ला कॉलेजच्या आवारात नेली, १९५१ ला ब्लॅकबर्न स्ट्रीटवर, आणि आता फाँड डु लॅक स्ट्रीटवर. १९७४ ला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता मिळाली खरी, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ही खोली जपली ती गावानंच. जुनी आहे तर पाडा आणि पाटी लावा, एवढं करून मोकळं होता आलं असतं की.

चला आत. बाक, फळा, एवढ्याशा जागेत २० मार्च १८५४ च्या संध्याकाळी माणसं जमली. बोलावणारा ॲल्व्हन बोव्हे, गावातला वकील. तेव्हा सेनेटर स्टीफन डग्लसनं कॅन्सस आणि नेब्रास्का या नव्या प्रदेशांचं बिल, म्हणजे विधेयक, आणलेलं, त्यात असं की गुलामगिरी ठेवायची की नाही ते तिथल्या वसाहतवाल्यांनीच ठरवायचं, आणि त्या भागात ती नको असं सांगणारा १८२० चा समझोता गेला उडत. बोव्हेनं आधी चर्चमध्ये सभा घेतली, ठरलं की बिल सेनेटमध्ये पास झालं तर जुने पक्ष सोडायचे. मार्चच्या सुरुवातीलाच ते पास झालं. मग हा गडी घरोघरी, दुकानोदुकानी फिरला आणि व्हिग, फ्री सॉइलर, डेमोक्रॅट, म्हणजे तेव्हाच्या वेगवेगळ्या पक्षांतला जो येईल त्याला इथं आणून बसवलं. रिपब्लिकन हे नावही त्याच्या डोक्यात आधीपासून होतं, न्यूयॉर्क ट्रिब्यूनचा संपादक होरेस ग्रीली त्याचा दोस्त, त्याच्याशी यावर बोलणं झालेलं.

पुढं १८६० ला याच पक्षाचा लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, यादवी युद्ध झालं, १८६५ ला गुलामगिरी कायद्यानं संपली.

आणि बोव्हे? काम झालं म्हणून १८७४ मध्ये पक्ष सोडून दारूबंदीवाल्यांच्या पक्षात गेला! हे ऐकून मला तर माणूस जास्तच आवडला.

आता मिशिगनमधलं जॅक्सन म्हणतं पक्ष आमच्याकडे जन्मला, ६ जुलै १८५४ ला. गर्दी इतकी की सभा ओकच्या झाडांखाली घ्यावी लागली, आणि राज्यभराचे उमेदवारही तिथंच ठरले, म्हणजे त्यांचा दावा काही कच्चा नाही. पण रिपनकडे दाखवायला आख्खी इमारत आहे, आणि आम्ही कॅमेरा घेऊन गेलो ते रिपनलाच.