सराटा ओळखताना

श्रोतेहो, नमस्कार.

माणदेशातल्या माळावरून चालून आलात की चपलेचा तळ उलटा करून पाहा. त्यात करडे, टणक काटे रुतलेले असतील. हा सराटा. सायकल पंक्चर करणारा म्हणून त्याला सगळेच ओळखतात, पण त्याचं फूल पाहिलेलं माणूस मला क्वचितच भेटतं. त्या फुलाशी आज तुमची गाठ घालून द्यायची आहे. त्यासाठी थोडं खाली वाकावं लागेल.

पाऊस पडला की सराटा उगवतो आणि भुईला चिकटूनच पसरतो. मधल्या एका मुळापासून केसाळ फांद्या चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूकडे जातात. पानं चिंचेच्या पानासारखी. ती जोडीजोडीनं समोरासमोर येतात, आणि नीट पाहिलंत तर जोडीतलं एक मोठं नि दुसरं लहान असतं. ही खूण एकदा डोळ्यांत भरली, की काटे धरण्याआधीच सराटा ओळखू येतो. फूल नखाएवढं, पिवळंधमक, पाच पाकळ्यांचं. ते पाहायचं तर सकाळीच जा.

घोळही त्याच रानात पसरते, तिचंही फूल पिवळं. पण घोळीचं पान जाड, रसाळ, गुळगुळीत. सराट्याच्या पानावर बारीक लव. भाजी खुडणाऱ्या आयाबायांना हे सांगावं लागत नाही.

खरी गफलत होते नावात. वैद्य सराट्याला गोखरू म्हणतात. दशमुळांतलं गोक्षुर ते हेच. पण गावाकडे लांडगा नावाचं तणही 'गोखरू' म्हणून दाखवतात. त्यालाच कुठे शंकेश्वर म्हणतात. तो कमरेएवढा उभा वाढतो आणि त्याची आकडेदार फळं मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात. त्याच्या बिया आणि नुकती उगवलेली रोपं जनावरांना विषारी असतात, म्हणून ही चूक मला किरकोळ वाटत नाही. तिसरं ते मोठं गोखरू. त्याचं पान अखंड, फूल कर्ण्यासारखं, आणि ताजी फांदी पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होतं.

तेव्हा नावावर जाऊ नका, फळ हातात घ्या. सराट्याचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात. एकेका तुकड्याला दोन मोठे, दोन लहान काटे. कसाही पडला तरी एखादा काटा वर असतोच. चपलेतून उपटलेला तो तुकडा आपण कुंपणापलीकडे भिरकावतो. त्याच्या पोटात दोन-तीन बिया असतात, आणि त्या सगळ्या एकाच पावसाळ्यात उगवत नाहीत.