काचेवरचा तपकिरी थर

नमस्कार श्रोतेहो.

घरात नवा फिश टँक आला की पहिले दोन-तीन आठवडे कौतुकात जातात. मग एका संध्याकाळी लाईट लावला की दिसतं, काचेवर, वाळूवर, पानांवर चहाच्या डागासारखी तपकिरी भुकटी बसलीय. बोटानं पुसली की निघते आणि चार दिवसांत पुन्हा येते. मग घरात ठरतं, रविवारी टँक रिकामा करून सगळं घासून काढू.

हे करू नका, एवढं सांगण्यासाठी मी आज तुमच्यापुढे आहे.

माझ्या पहिल्या टँकवर मी हेच केलं. मासे बादलीत, वाळू नळाखाली, फिल्टरचा स्पंज चोळून स्वच्छ. थर परत आलाच, आणि दुसऱ्या धुण्यानंतर आठवड्याभरात दोन गप्पी दगावले. दोष मी शेवाळाला दिला. ते शेवाळानं मेले नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

हे तपकिरी शेवाळ म्हणजे डायटम. मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात. एकाच पेशीचा जीव, आणि त्याचं कवच सिलिकाचं. काच ज्यापासून बनते तेच सिलिका. कवचाचे दोन भाग कुंकवाच्या करंड्यासारखे, डबी आणि वर झाकण. किती नेमकं नाव आहे! आत हरितद्रव्य असतंच, पण तपकिरी रंगद्रव्य त्याला झाकून टाकतं. समुद्रात हेच जीव असंख्य जलचरांचं अन्न आहेत.

कवचासाठी लागणारं सिलिका पाण्यातूनच येतं. आपल्या काळ्या कातळातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात ते विरघळलेलं असतं. नव्या टँकमध्ये झाडं अजून रुजलेली नसतात, हिरवं शेवाळ आलेलं नसतं, म्हणून डायटमना मोकळं रान मिळतं.

त्याच काळात दुसरं एक काम न दिसता चालू असतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी. जीवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूत वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात धुतला की ती वस्ती उद्ध्वस्त होते. माझे गप्पी त्यातच गेले.

म्हणून काच पुसा, पण साबणाशिवाय, टँकसाठीच ठेवलेल्या स्पंजनं. निघालेली भुकटी खाली बसते. लगेच नळीनं पाणी ओढताना तीही ओढून घ्या. आठवड्याला पाव टँक पाणी बदललं की पुरे. नव्या पाण्यात क्लोरीन मारणारे थेंब घाला. फिल्टरचा स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच हलक्या हातानं पिळा. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. लाईट सात-आठ तास. तपकिरी जावं म्हणून तो वाढवलात तर हिरवं शेवाळ वाढेल.

नेराइट गोगलगाय हा थर आवडीनं खाते. काचेवर पांढरी अंडी चिकटवते, पण गोड्या पाण्यात त्यांतून पिल्लं वाढत नाहीत. ओटो नावाचा छोटा मासाही हेच खातो. मात्र नव्या टँकमध्ये तो आणू नये असं माझं ठाम मत आहे. तो नाजूक असतो, आणि थर संपला की उपाशी राहू शकतो.

नव्या टँकमधला थर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. वर्षभर नीट चाललेला टँक अचानक तपकिरी झाला, तर मात्र शोध घ्या. दगडामागे मासा मेलाय का? फिल्टर तुंबलाय का? आणि एप्रिल-मे असेल, तर सोसायटीत टँकरचं पाणी सुरू झालंय का, हे आधी विचारा. पाणीच बदललं असेल, तर एकदम जास्त न घालता थोडं थोडं घाला, आणि पुढचे काही दिवस मासे वर येऊन धापा टाकताहेत का, तेवढं पाहत राहा.

नमस्कार.