हॅलो, स्वर्ग जोडून द्या

नमस्कार श्रोतेहो. टेलिफोनपाशी उभं असलेलं एक लहान मूल एक्स्चेंजमधल्या बाईंना सांगतंय, मला स्वर्ग जोडून द्या, माझी आई तिथं आहे. हे 1901 सालचं अमेरिकन गाणं, चार्ल्स हॅरिस यांचं. टेलिफोन तेव्हा नवलाईचा होता. लोकांना वाटलं असेल, कुठंही लागतो, तर स्वर्गात का नाही लागणार?

हे गाणं घरोघरी गेलं ते कागदावरून. दुकानातून चार-सहा पानं विकत आणायची, पियानोवर उघडून ठेवायची, घरातल्या कुणीतरी वाजवायचं आणि बाकीच्यांनी भोवती उभं राहून गायचं. हेच शीट म्युझिक. न्यूयॉर्कच्या 28व्या रस्त्यावर प्रकाशकांची कचेरी शेजारी कचेरी, आणि प्रत्येकीत पियानो चालू. त्या गोंगाटावरूनच गल्लीला टिन पॅन ॲली हे नाव पडलं म्हणतात. टिनाची भांडी बडवल्यासारखा आवाज! गिऱ्हाइकाला नवी गाणी वाजवून दाखवायला पगारी वादक असत. पुढे मोठा संगीतकार झालेला जॉर्ज गर्श्विन पंधराव्या वर्षी याच नोकरीला लागला.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लेस्टर लेव्ही यांनी जमवलेली अशी हजारो गाणी आहेत. इंटरनेटवर ती चाळताना मी मुखपृष्ठांवरच अडकतो. सायकल, मोटार, विमान, जे जे नवं आलं त्याचं गाणं झालं. काही मुखपृष्ठं मात्र बघवत नाहीत. कृष्णवर्णीयांची इतकी ओंगळ व्यंगचित्रं, आणि ती दिवाणखान्यात सगळ्यांसमोर मांडलेली! त्याच काळात, 1899 मध्ये, स्कॉट जॉप्लिन या कृष्णवर्णीय संगीतकाराचा 'मेपल लीफ रॅग' हा पियानोवर वाजवायचा तुकडा छापला गेला. त्याला मिळायचा प्रतीमागे एक सेंट.

आणि युद्ध, पहिलं महायुद्ध. 1915 साली गाण्यातली आई म्हणते, मी माझा मुलगा सैनिक व्हायला वाढवला नाही. लोकांनी ते उचलून धरलं. दोनच वर्षांत अमेरिका युद्धात उतरली आणि त्याच पियानोवर पोरांना फ्रान्सला धाडणारी गाणी आली. कागद वाचवायचा म्हणून पानांचा आकारही लहान झाला.

1918 मध्ये ते मूल पुन्हा टेलिफोनपाशी आलं. गाणं दुसरं, गीतकार दुसरे. रात्र झालीय, घर झोपलंय. या वेळी त्याला समोरासमोरच्या सैन्यांच्या खंदकांमधली ती ओसाड जमीन जोडून हवीय, कारण बाबा तिथं आहेत. आणि एक्स्चेंजच्या बाईंना ते हळूच बजावतं, नंबर लागला की घंटी वाजवू नका, आई जागी होईल.