कोरा सोडलेला बर्फ

श्रोतेहो, नमस्कार.

जपानी लाकूडठशांच्या चित्रांत पडलेला बर्फ बहुतेकदा छापलेला नसतोच. तिथे कागद कोरा सोडलेला असतो. रंग लागतो तो आकाशाला, झाडांना, देवळाच्या भिंतींना. बाकी उरतो तो बर्फ.

जपानी चित्रकार हासुई कावासे यांचं १९२५ सालचं ‘शिबाचं झोजोजी मंदिर’ डोळ्यांसमोर आणा. मंदिर तोक्योतलं, त्याचं लालभडक महाद्वार १६२२ सालचं. समोर वाऱ्याविरुद्ध छत्री धरून एक बाई वाकून चालली आहे, आणि त्या लाल भिंतीवर पांढरे ठिपके भुरभुरताहेत. आता कोरणाऱ्याची पंचाईत बघा. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. लाल रंगाच्या ठशावर जिथे जिथे ठिपका हवा, तिथलं लाकूड त्याला खरवडून काढावं लागतं. तिथे दुसरा रंग येणार असेल, तर त्याही ठशावर नेमकं त्याच जागी. ठशाच्या कोपऱ्यात आणि कडेला खाचा असतात, त्यांत ओलसर कागद बसवून छापतात. कागद केसभर जरी सरकला, तरी बर्फाला रंग लागलाच म्हणून समजा! हासुईंनी हेच मंदिर बर्फात पुन्हा १९५३ मध्ये केलं, तेव्हा एका चित्रासाठी तब्बल ४२ वेळा छपाई झाली.

नाव मात्र चित्रकाराचंच होतं. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, पैसा लावणारा प्रकाशक वेगळा. हासुईंचे प्रकाशक शोझाबुरो वातानाबे. १९२३ च्या तोक्योतल्या भूकंपानंतरच्या आगीत त्यांचं दुकान ठशांसकट जळालं, हासुईंच्या रेखाटनवह्याही गेल्या. दोन वर्षांनंतरचं हे झोजोजी त्या पडझडीतून सावरलेल्या शहरातलं आहे.

त्याआधी जवळपास शंभर वर्षं चित्रकार हिरोशिगे यांनी तोकाइदो रस्त्यावरच्या कांबाराची बर्फाळ रात्र रंगवली. गंमत म्हणजे कांबारा उबदार किनाऱ्यावरचं गाव, तिथे असा बर्फ सहसा पडत नाही. पण चित्र इतकं खरं वाटतं की तक्रार करावीशी वाटत नाही. काळोख उतरतो तो छापणाऱ्याच्या हातून: ओल्या ठशावर तो ब्रशने रंग विरवत नेतो, म्हणून दोन प्रतींतलं आकाश तंतोतंत सारखं नसतं.

मला स्वतःला हासुईंचं शेवटचं चित्र झोजोजीहूनही आवडतं. हिराइझुमीचं सुवर्णमंदिर, बर्फाच्छादित पायऱ्या आणि वर चढणारा एकटा भिक्षू. १९५७ मध्ये हासुई गेले तेव्हा ते अपुरं होतं. कारागिरांनी पुरं केलं आणि त्यांच्या स्मरणार्थ आप्तमित्रांना वाटलं गेलं.

१९२५ चं ते झोजोजीचं चित्र मोबाइलवर सापडलं, तर आधी मोठं करा आणि लालातले पांढरे ठिपके शोधा. बाई, छत्री, मंदिर मागाहून बघा.