केस पेपरवरची पहिली ओळ

मंडळी, हात वर करू नका, मनातल्या मनात उत्तर द्या. तुमच्या पुतण्याच्या मोटारसायकलला टेम्पोनं ठोकलं. चार जणांनी उचलून त्याला दवाखान्यात आणलं. ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो, ‘काय झालं?’ तुम्ही काय सांगाल?

आपल्याकडे बऱ्याचदा उत्तर येतं, ‘गाडी घसरली.’ पोलिसांची कटकट नको असते. टेम्पोवाला शेजारच्या गावचा निघतो आणि म्हणतो, ‘भाऊ, खर्चाचं मी बघतो, केस करू नका.’ डॉक्टर बिचारा ऐकलं ते लिहितो: दुचाकीवरून घसरून पडला. टेम्पोवाला पहिल्या दिवशी थोडे पैसे देतो. पायात रॉड टाकायचं ठरलं आणि खर्चाचा आकडा कळला की फोन उचलायचं बंद करतो. मग महिन्याभरानं तुम्ही पोलीस ठाण्यात जाता. पुढे ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे मोटार अपघात दावा प्राधिकरणात, विमा कंपनीचा वकील उलटतपासाला उभा राहतो आणि केस पेपरवरची ती एकच ओळ वाचून दाखवतो. ‘यात टेम्पो कुठे आहे?’

अपघाताच्या दाव्यांत वकील म्हणून मी दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय, म्हणून सांगतो. कंपनीकडून असताना मीही आधी तोच कागद शोधायचो. क्लेमची गोष्ट कोर्टात सुरू होत नाही, ती अपघात विभागातल्या त्या टेबलावर सुरू होते. तिथे खरं सांगा. वाहनाचा नंबर माहीत असेल तर तो सांगा, आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करायला लावा.

कायदा तसा निर्दय नाही. फिर्याद उशिरा दिली एवढ्यावरून दावा फेटाळू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली सांगून ठेवलंय. जखमी माणसाला सोडून नातेवाईक आधी ठाण्यात धावणार नाहीत, हे न्यायाधीशांनाही कळतं. फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावाही इथे लागत नाही. पण उशीर समजावून सांगता येतो, तुमच्याच तोंडची हकिगत खोडणं फार अवघड जातं.

पोलिसांचं कामही आता बदललंय. 2022 च्या नियमांप्रमाणे 48 तासांत प्राथमिक अपघात अहवाल, 50 दिवसांत अंतरिम आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलकडे जायला हवा. हा अहवालच नुकसानभरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. कागदावर व्यवस्था छान आहे. प्रत्यक्षात ठाण्यात जाऊन ‘साहेब, अहवाल पाठवला का?’ असं विचारत राहावं लागतं. त्या भरवशावर बसू नका. मोटार वाहन कायद्यात 1 एप्रिल 2022 पासून कलम 166 च्या, म्हणजे नुकसानभरपाईच्या, दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण तुमचा दावा त्या वादाचा प्रयोग होऊ देऊ नका. आणि अपघात पुण्याजवळ झाला म्हणून सांगलीच्या माणसानं पुण्याला खेटे घालायची गरज नाही. राहत्या जागेच्या ट्रिब्युनलमध्ये दावा चालतो.

आता पैशाचा हिशेब. समजा, 28 वर्षांचा प्लंबर आहे. घोट्याचं हाड मोडलं, प्लेट बसली, घोटा आखडला. सिव्हिल सर्जनचा दाखला म्हणतो 30 टक्के अपंगत्व. ट्रिब्युनल काय करतं? महिन्याची कमाई 15,000 धरली तर वर्षाची 1,80,000. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे: 2,52,000. हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या प्रणय सेठी निकालातून आलं. मग 2009 च्या सरला वर्मा निकालातला गुणक, म्हणजे वयानुसार वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणायचं तो आकडा. 26 ते 30 वयाला 17. झाले 42,84,000. त्याचे 30 टक्के म्हणजे 12,85,200. औषधोपचार, वेदना, बुडालेली मजुरी यांचे पैसे वेगळे.

पण कमाईचा कागदच नसेल आणि ट्रिब्युनलनं अंदाजानं 8,000 धरले, तर तोच हिशेब 6,85,440 वर येतो. पाय तोच, घोटा तोच, निम्मे पैसे गेले. म्हणून बँकेचं पासबुक, यूपीआयचे व्यवहार, हार्डवेअरच्या दुकानातली बिलं, काम देणारा कंत्राटदार साक्षीदार म्हणून, जे मिळेल ते जमवा.

दुसरी बाजूही आहे. दाखल्यातले 30 टक्के म्हणजे कमाईतली 30 टक्के घट असं गणित नसतं. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या 2010 च्या निकालानं हे स्पष्ट केलं. हात गेलेला कारकून कदाचित नोकरी टिकवेल, हात गेलेल्या सुताराचा धंदाच संपतो. आपला प्लंबर उकिडवा बसू शकत नाही, शिडी चढू शकत नाही. त्याचं नुकसान 60 टक्के का धरू नये? पण हे त्यानं लंगडत दाखवून चालत नाही, डॉक्टरांना साक्षीला आणून त्यांच्या तोंडून वदवून घ्यावं लागतं. आमचे काही वकीलबंधू नुसता दाखला जोडून मोकळे होतात, त्याचा मला राग येतो.

चिठ्ठ्यांमधून प्रश्न आलेत, ते भराभर घेतो. मागे बसलेल्याचं काय? समोरच्या वाहनाची चूक असेल तर त्या वाहनाच्या कंपनीकडून त्याला मिळतं. आपल्याच चालकाची चूक असेल तर पॉलिसी बघा. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त बाहेरच्या माणसाचं नुकसान भरणारी, असेल तर मागच्याला कंपनी सहसा हात वर करते. ज्याला आपण ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो त्यात तो येतो. ट्रिपल सीट होतो म्हणून दावा जातो का? नाही. तिघं बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं, असं 2020 चा निकाल सांगतो. दंड मात्र भरा. मित्राची गाडी मागून नेली आणि स्वतःच झाडावर आदळलात, तर तुम्ही मालकाच्या जागी धरले जाता. थर्ड पार्टी म्हणून काही मिळत नाही.

वकिलाची फी? ‘मिळतील त्यातले इतके टक्के’ असा करार करायला बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला मनाई आहे. तरी सर्रास चालतं. फी आधी ठरवा आणि कोऱ्या कागदावर सही देऊ नका.

शेवटची चिठ्ठी आहे, ठोकणारं वाहन पळून गेलं तर. फिर्याद तरीही द्या. वाहन सापडलंच नाही तर हिट अँड रन योजनेत मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000 रुपये आहेत. त्यासाठी ट्रिब्युनलकडे जायचं नसतं. प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात अर्ज द्यायचा. सोबत फिर्यादीची प्रत, दवाखान्याचे कागद आणि बँक पासबुकाची झेरॉक्स न्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊनच बाहेर पडा.