ड्रम कुणी धरलाय?

चाक उतरलंय. समोर मागच्या ब्रेकचा सात इंची ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, गंजाने तांबूस झालेलं. दोन्ही हातांनी ओढला तरी ड्रम जागचा हलत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या या गॅरेजमध्ये उभी आहे मॉरिस मायनर. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने ती ‘बेबी हिंदुस्तान’ नावाने विकली. ही मात्र कित्येक पावसाळे शेडमध्ये होती, तीही हँडब्रेक ओढून. ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे ब्रेकचे शू तसेच टेकलेले, त्यात ओल शिरली आणि दोघं एकमेकांना धरून बसले.

अशा वेळी हात आधी घणाकडे जातो. पण ड्रम बिडाचा आहे. ओतकामाच्या या गावात सांगायला नको, बीड दाब सोसतं, घाव सोसत नाही. काठाचा कपचा उडाला की ड्रम गेला.

म्हणून गॅरेजचे मिस्त्री मामा आधी बघतात, ड्रम कुणी धरलाय. पुढच्या चाकांना ठोकळे, जॅकच्या जोडीला स्टँड. हँडब्रेक सोडला, पण केबल गंजलेली, त्यामुळे वर दांडा खाली आला तरी खालचे शू सुटतातच असं नाही. ड्रममागच्या पत्र्याच्या, म्हणजे बॅकप्लेटच्या, मागची लिव्हर मामांनी हातानेच मागे ढकलली. ड्रम कुरकुरत फिरला.

आता तोंडावरचे दोन स्क्रू. खाचा मातीने बुजलेल्या. त्या टोच्याने खरवडल्या, जाड स्क्रूड्रायव्हर बसवला, मुठीवर एक ठोका आणि मगच पीळ. इथे घाई केली तर खाच फाटते आणि स्क्रू ड्रिलने काढत बसावं लागतं.

तरीही ड्रम येईना. मग त्याच्या छोट्या भोकातून शूचं अंतर ठरवणारा अ‍ॅडजस्टर उलटा फिरवला, शू आत ओढले गेले. ड्रम ज्यावर बसतो त्या मधल्या हबच्या कडेला गंज सोडवणारं तेल सोडलं आणि काम रात्रभर तसंच ठेवलं.

सकाळी लाकडी ठोकळा धरून हलके ठोके, गोल फिरत, एका जागी दोनदा नाही. सातव्या-आठव्या ठोक्याला आवाज बदलला. बद्द होता, तो पोकळ झाला. ड्रम मामांच्या हातात आला.

आतली धूळ फुंकायची नाही, शूवरच्या जुन्या लायनरमध्ये छातीला घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून मामांनी आतून बोट फिरवलं. शू घासून घासून काठाशी नखभर कडा उरली होती. शू आत घेण्याआधी ड्रम अडला होता तो तिलाही.