चार तासांचा तन्मणी

(दृश्य : टेबलावर पांढरं कापड. तन्मणीचं पदक अगदी जवळून. मऊ ब्रश.)

सकाळचे साडेआठ. पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या मागची एक गल्ली, दुसरा मजला. पांढऱ्या सुती कापडावर तन्मणी पसरून ठेवलाय. बारीक मोत्यांचे सर, मधोमध पदक, पदकात लाल खडा आणि त्याच्याभोवती पांढऱ्या खड्यांची दाटी. उद्या गोरज मुहूर्तावर तो एका नवरीच्या गळ्यात असेल. परवा संध्याकाळपर्यंत याच कापडावर परत.

दुकानाच्या मालकीणबाईंना इथे सगळे ताई म्हणतात. त्यांच्या हातात लहान मुलांचा दात घासायचा ब्रश आहे. कोरडाच. पाणी लावायचं नाही, कारण मधल्या लाल खड्याच्या मागे चमकीचा पातळ पत्रा बसवलेला असतो. त्याला डांक म्हणतात. तिथे ओल शिरली की डांक काळी पडते आणि खडा कायमचा मेल्यासारखा दिसतो.

ब्रश झाला की लाकडी दातकोरणं. एकेका खड्याला त्याच्या टोकानं हलकेच ढोसायचं. हलला तर कोंदण सैल. आज बाविसावा खडा हलला. ताईंनी त्याच्या शेजारी दोऱ्याची गाठ बांधून खूण केली आणि पुढे सरकल्या. सगळे खडे तपासून होईपर्यंत त्या कुणाशी बोलल्या नाहीत. आम्हीही कॅमेरा हलवला नाही.

(दृश्य : पटवेकऱ्यांचे हात. पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोरा.)

मोत्यांचे सर मात्र ताई स्वतः गाठवत नाहीत. ते काम पटवेकऱ्यांचं. काका जमिनीवर बसतात, रेशमी दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवतात आणि ताणलेल्या दोऱ्यावर गाठी मारत जातात. दागिना विकला की तो वर्षातून चार वेळा घालायचा, बाकी कपाटात. भाड्याचा तन्मणी लग्नसराईत दर दोन-तीन दिवसांनी नव्या गळ्यात जातो. घाम दोरा खातो. म्हणून हंगामात सर पुन्हा पुन्हा गाठवावे लागतात. मांडवात सर तुटून मोती घरंगळणं म्हणजे अपशकुन, असं काकांना वाटतं. ते कुठल्या लग्नात जात नाहीत, पण त्यांनी गाठवलेला सर आजवर मांडवात तुटलेला नाही, हे ते दोनदा सांगतात.

(दृश्य : खिडकीतल्या उन्हात पांढरे खडे.)

हे हिरे आहेत का? प्रत्येक गिऱ्हाईक हेच विचारतं आणि ताई पहिल्या वाक्यात उत्तर देतात : नाहीत. बाजारात याला अमेरिकन डायमंड म्हणतात. खरं नाव क्युबिक झिर्कोनिया. हे स्फटिक मोठ्या प्रमाणावर वाढवायची रीत मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात बसवली. संस्थेच्या आद्याक्षरांवरून रशियात त्याला अजूनही फियानिट म्हणतात.

उन्हात धरला तर साध्या डोळ्याला फरक कळणं अवघड. कानाला मात्र कळतो. त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा हा खडा दीडपटीहून जड असतो. तीन मजली झुमका चार तास घातला की कानाची पाळी ओघळते. म्हणून ताई झुमक्यासोबत वेल देतातच. मोत्यांचा बारीक वेल कानावरून मागे नेऊन केसांत खोचला की अर्धा भार अंबाड्यावर जातो. आपल्या पणज्यांनी शोधलेली ही सोय आहे आणि मॉस्कोच्या खड्याला ती अचूक लागू पडते.

दुसऱ्या डबीत मॉइसनाइट. हा खडा हिऱ्याच्या फार जवळचा. हेन्री मॉइसन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला हे द्रव्य 1893 मध्ये अॅरिझोनातल्या उल्केच्या नमुन्यात सापडलं. आज मिळतो तो सगळा कारखान्यात बनतो. हिरा तपासायचं उष्णतेवरचं यंत्र मॉइसनाइटलाही हिराच समजून टुँ वाजतं. ताई भिंग हातात देतात : तिरकं धरून बघा. मॉइसनाइटच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात कड एकच.

खरा हिरा भाड्यानं देणं हा वेगळा खेळ. त्याला विमा लागतो, सोबत माणूस लागतो. पण तीही रीत जुनी आहे. 1944 च्या ऑस्कर सोहळ्यात अभिनेत्री जेनिफर जोन्स यांनी घातलेले हिरे न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी त्या रात्रीपुरते दिले होते. याच विन्स्टन यांच्या हाती 1940 मध्ये आपला नाशिकचा हिरा आला. त्र्यंबकेश्वरच्या देवाचा, पेशवाई बुडाल्यावर 1818 मध्ये इंग्रजांनी नेलेला. विन्स्टन यांनी त्याला नव्यानं पैलू पाडले. तेव्हापासून तो 43.38 कॅरटचा आहे. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत रात्री ज्या बायका झगमगतात, त्यांच्या गळ्यातलं पुष्कळसं दुसऱ्या दिवशी सकाळी परत जातं. त्यांना त्याबद्दल कुणी नावं ठेवत नाही.

(दृश्य : आजींचा वाडा. अंगण, तुळस.)

आपल्याकडे नावं ठेवायची सवय नवी आहे. या आजी सदाशिव पेठेतल्या. त्या सांगतात, आमच्या आळीत खरा तन्मणी एकच, वाड्याच्या मालकीणबाईंचा. आळीतली प्रत्येक मुलगी बोहल्यावर उभी राहिली ती त्याच तन्मण्यात. सगळ्यांना ठाऊक असायचं. डबी परत देताना रिकामी द्यायची नाही, चार दाणे तांदळाचे घालून द्यायची.

आता एका गोष्टीबद्दल मी गप्प बसू शकत नाही. माझ्या आत्याच्या लग्नासाठी आजोबांनी विहिरीजवळचा मळा गहाण टाकला. पाटल्या झाल्या. मळा सोडवता आला नाही. 2025 मध्ये 10 ग्रॅम सोन्यानं एक लाखाचा आकडा ओलांडला. त्याच्यावर घडणावळ, त्याच्यावर 3 टक्के जीएसटी. हिऱ्याचा दागिना मोडीला नेला तर हातात काय पडतं, हे ज्यांनी नेलाय त्यांना विचारा. एका संध्याकाळच्या फोटोंसाठी बापानं पुढची दहा वर्षं हप्ते भरावेत, हे मला मान्य नाही. ताईंच्या दुकानात मी कॅमेरा घेऊन आलो तो यासाठीच.

(दृश्य : नवरी आणि तिची आई. आरसा. नथ.)

नवरी रंगीत तालमीला आलीये. नऊवारीचा ब्लाउज सोबत आणलाय, कारण गळा किती खोल यावर तन्मणी कुठे बसणार ते ठरतं. चिंचपेटी गळ्यालगत, तिच्याखाली ठुशी, मग तन्मणी. दोन बोटांचं अंतर हवं, नाहीतर सगळं एकात एक गुंततं. नाक टोचलेलं नाही, म्हणून दाबाची नथ. ताई ती आधी स्वतःच्या बोटाच्या पेरावर दाबून बघतात, चाप थोडा सैल करतात, मग नाकाला.

आई हळूच विचारते, "ओ ताई, कुणाला कळणार तर नाही ना?"

नवरीच उत्तर देते, "कळू दे की गं आई. मी सासूबाईंना सांगितलंय."

(दृश्य : आरशात आईचा चेहरा. इथे निवेदन नाही.)

नियम वहीत लिहिलेत आणि ताई ते वाचून दाखवतात. हळदीला हे घालायचं नाही, मोती पिवळे पडतात. अत्तर आधी मारायचं, दागिना नंतर. अनामत रक्कम, ओळखपत्राची प्रत, प्रत्येक नगाचा फोटो. जेवायला बसताना नथ काढली तर रुमालात गुंडाळायची नाही, कारण रुमाल उष्ट्या पत्रावळीबरोबर जातो. दागिने हरवतात, तुटतात, अनामतीवरून वाद होतात, एक कुटुंब वर्षभर ताईंशी बोलत नव्हतं.

(दृश्य : कार्यालय. सनई. अंतरपाट. तन्मण्यावर पडणाऱ्या अक्षता.)

(दृश्य : पुन्हा पांढरं कापड.)

परवाची संध्याकाळ. नवरीचा भाऊ डबी घेऊन आलाय. ताई वही उघडतात. चिंचपेटी. ठुशी. वेल दोन. झुमके दोन. नथ, चाप शाबूत. एकेका नावापुढे टिक होते. बाविसावा खडा जागच्या जागी घट्ट आहे. भावाला अनामत मोजून दिली जाते, तो पैसे खिशात घालतो, पण लगेच निघत नाही. ताई तन्मणी उचलून अलगद झटकतात. मोत्यांच्या सरांमध्ये अडकलेल्या तीन-चार अक्षता कापडावर पडतात.

ताई त्या वेचून डबीत ठेवतात.